मामाचा फोटो, माझा उजेड

आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "फोटोचं काम याच्याकडे देऊ नका हं!" याच्याकडे म्हणजे अस्मादिकांकडे. मग हशा पिकतो, घरात नव्याने आलेल्या सुना-जावयांना सगळी कथा पहिल्यापासून सांगितली जाते, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने तिथून सटकतो. वीस वर्षं झाली, हे चालू आहे. आज म्हटलं, आपली बाजू एकदा लिहूनच काढावी. बाजू जरा लांबलचक आहे आणि तिची सुरुवात १८५१ साली लंडनमध्ये होते, तेव्हा नातेवाईक मंडळींनी थोडा धीर धरावा.

तर झालं असं. २००५ च्या डिसेंबरात साताऱ्याला ताईचं लग्न होतं. मी नुकताच हप्त्यावर डिजिटल एसएलआर घेतला होता आणि डोक्यात हवा गेली होती. रीतसर फोटोग्राफर ठरवलेला होताच, पण अंतरपाटाचा फोटो मी काढणार, असं मी जाहीर करून टाकलं. कल्पना अशी की नवऱ्या मुलाच्या मागे स्टँडवर एक फ्लॅश ठेवायचा. मी ताईच्या बाजूला उभा राहणार. फ्लॅश पेटला की अंतरपाट पलीकडून उजळणार, त्यावर नवरदेवाची सावली पडणार आणि अलीकडे ताईच्या मुंडावळ्या त्या उजेडावर कोरल्यासारख्या दिसणार. कागदावर काढून बघितलं होतं सगळं!

प्रश्न एवढाच होता की माझ्या हातातल्या कॅमेऱ्याने पलीकडच्या फ्लॅशला 'आता' हे सांगायचं कसं? वायर टाकणं अशक्य होतं. भटजी, करवल्या, अक्षता वाटणारी पोरं... कुणीतरी पायात अडकून पडलं असतं आणि ते खापर आयुष्यभर पुरलं असतं. (आता जे पुरलंय ते वेगळं.) म्हणून मी बिनवायरीची सोय केली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. माझ्या कार्डावर अंतरपाटाचे सात फोटो होते. सातही काळेकुट्ट.

का, ते सांगतो. पण आधी लंडन.

१८५१ च्या जूनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेन्री फॉक्स टॅलबॉटने 'द टाइम्स'च्या छापील पानाचा तुकडा एका चाकावर चिकटवला, चाक गरागरा फिरवलं आणि अंधारात लेडन जारमधल्या विजेची एक ठिणगी पाडली. फोटोत अक्षरं वाचता आली. तेव्हाच्या प्लेटांना फोटो उमटायला भरपूर वेळ लागायचा, आणि हा गडी धावती अक्षरं पकडत होता! कॅमेरा अंधारात उघडाच होता, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. शटरचं काम उजेडानेच केलं. त्यामुळे शटर आणि फ्लॅश यांनी एकाच क्षणी हलायचं कसं, हा प्रश्नच आला नाही.

पुढे १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची झटकन पेटणारी भुकटी बनवली, तेव्हाही रीत तीच राहिली. लेन्स उघडायची, भुकटी पेटवायची, लेन्स झाकायची. न्यूयॉर्कच्या झोपडपट्ट्यांतल्या अंधाऱ्या खोल्या जेकब रीसने अशाच टिपल्या, आणि १८९० मधल्या त्याच्या पुस्तकामुळे शहरभर खळबळ उडाली. रीस भुकटी तव्यावर पेटवायचा. आपण दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली, असं त्यानेच नंतर लिहून ठेवलंय. त्या मानाने आमच्या सातारच्या कार्यालयात फारच शांतता होती.

फ्लॅश फोटो काढणाऱ्यापासून खरा दूर गेला तो जंगलात. अमेरिकेत जॉर्ज शायरस रानात कॅमेरा आणि भुकटी मांडून आडवी दोरी बांधायचा. हरणाचा धक्का दोरीला लागला की भुकटी पेटे आणि फोटो निघे. त्याचे ७४ फोटो 'नॅशनल जिओग्राफिक'ने जुलै १९०६ च्या अंकात छापले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने त्या वेळच्या संयुक्त प्रांतात हीच युक्ती वाघांवर चालवली. १९२७ चं त्याचं पुस्तक अशा फोटोंचं आहे. बंदुकीची परंपरा जोरात असताना हा माणूस रात्री तारा बांधत फिरत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. फोटो वाघच काढायचा, साहेब सकाळी येऊन प्लेट घेऊन जायचा.

मात्र तारेला वाघ कळत नाही. पाय वाघाचा असो की वाट चुकलेल्या गाईचा, तार ओढली गेली की भुकटी पेटणारच. हे वाक्य ध्यानात ठेवा, साताऱ्यात कामाला येईल.

इथे थोडं विषयांतर. बिनवायरीचा फ्लॅश म्हटलं की सगळे अमेरिका-जपानकडे बघतात. पण १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवल्या, तिथे एक घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. दारूच्या जागी मीथे-गेडिकेची भुकटी ठेवली असती आणि समोर एक उघडा कॅमेरा, तर रेडिओने पेटवलेला पहिला फ्लॅश आपल्याकडे नोंदला गेला असता. भुकटी आठ वर्षं आधीपासून बाजारात होती! असो.

१९२९ साली जर्मनीत फ्लॅशचा बल्ब विकायला आला. काचेच्या आत धातूची पातळ पत्री आणि ऑक्सिजन, धूर नाही, आग नाही. बल्ब विजेवर पेटतो म्हटल्यावर शटरनेच वीज जोडून द्यावी हे ओघाने आलं, आणि कॅमेऱ्याच्या अंगावर वायर खुपसायचं ते बारीक गोल भोक आलं. त्याला पीसी सॉकेट म्हणतात. पीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, प्राँटॉर आणि कॉम्पुर ही त्या काळच्या दोन जर्मन शटरांची नावं. ते भोक पुढे डिजिटल कॅमेऱ्यांवरही टिकलं. आणि त्यात खुपसलेली वायर ऐन वेळी निसटण्याची परंपराही तितकीच टिकली, हे कुठलाही स्टुडिओवाला सांगेल.

वायरीचा राजा म्हणजे ओ. विन्स्टन लिंक. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

लिंक शिकलेला सिव्हिल इंजिनियर, धंद्याने न्यूयॉर्कमधला जाहिरातींचा फोटोग्राफर. अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेंपैकी नॉरफोक अँड वेस्टर्न ही कंपनी शेवटपर्यंत वाफेच्या इंजिनांना धरून होती, आणि तीही आता डिझेलकडे वळणार हे दिसत होतं. १९५५ च्या जानेवारीत लिंकने व्हर्जिनियात तिचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९६० पर्यंत स्वतःच्या खर्चाने काढत राहिला. बहुतेक रात्रीचे. सूर्य कायम चुकीच्या जागी असतो आणि तो हलवता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. रात्री मात्र सगळा उजेड आपल्या मालकीचा. काळ्या आभाळावर वाफेचा पांढराशुभ्र लोट दिसतो तसा दिवसा दिसतच नाही.

आता कल्पना करा. काळं इंजिन, काळी रात्र, पन्नास-शंभर फुटांवरून धडधडत जाणारी गाडी. एका फ्लॅशने काय होणार? लिंक आणि त्याचा मदतनीस दिवसभर खांबांवर, झाडांवर परावर्तक टांगायचे, जमिनीवरून वायरी ओढायचे. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो २ ऑगस्ट १९५६ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावचा. उघड्यावरचं सिनेमागृह, गाड्या लावून पिक्चर बघणारी माणसं, पुढच्या उघड्या गाडीत एक जोडपं, पडद्यावर विमान, आणि मागून वाफ सोडत चाललेली मालगाडी. या एका फोटोला ४३ बल्ब लागले. उजेड इतका होता की पडद्यावरचं विमान पार धुऊन निघालं, ते नंतर प्रिंट करताना वेगळ्या निगेटिव्हवरून घालावं लागलं. बल्ब एकदाच पेटतो. म्हणजे गाडी गेली की ४३ बल्ब कचऱ्यात, नवे ४३ लावा आणि पुढच्या गाडीची वाट बघा.

लिंकने हे बल्ब सिरीजमध्ये जोडायची पद्धत ठेवली होती. गणपतीच्या आराशीची जुनी माळ आठवते ना? एक दिवा गेला की सगळी माळ बंद. बाबा प्रत्येक दिवा दाबून बघत बसायचे आणि घरात कुणी बोलायची सोय नसायची. लिंकने ती कटकट मुद्दाम पत्करली. एक जोड जरी सैल असला तरी एकही बल्ब पेटणार नाही. पेटले तर सगळे, एकाच क्षणी. अर्धी उजळलेली गाडी हा प्रकारच नाही. त्याच्या वायरीला एकच मालक होता आणि ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. दुसरं कुणी त्या रात्री तिथे फ्लॅश मारला असता, तरी लिंकचे ४३ बल्ब ढिम्म राहिले असते.

मी नेमकं हेच सोडून दिलं होतं.

एजर्टन नावाच्या एमआयटीच्या प्राध्यापकाने तिसाच्या दशकात बल्बाऐवजी वायू भरलेली नळी आणली, तीच आजच्या फ्लॅशची आई. कपॅसिटर भरा, नळीतून सोडा, पुन्हा भरा. झगमगाट सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. एजर्टन तर अंधारात कॅमेरा उघडा ठेवून आवाजाने फ्लॅश पेटवायचा. १९६४ चा त्याचा सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा फोटो तसाच निघाला, गोळीचा आवाज मायक्रोफोनने ऐकला आणि फ्लॅशला कळवला.

ऐकणारा फ्लॅश हे एकदा सुचल्यावर बघणारा फ्लॅश सुचणं अवघड नव्हतं. एक प्रकाशसंवेदक आणि एक इलेक्ट्रॉनिक स्विच, बस्स. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पेटला की दूरच्या फ्लॅशचा डोळा ते बघतो आणि तोही पेटतो. मध्ये जाणारा वेळ इतका थोडा की साठांश सेकंद उघडं असलेलं शटर अजून तसंच उघडं असतं. याला आपल्याकडे सगळे फोटोग्राफर 'स्लेव्ह' म्हणायचे. (शब्द वाईटच. अलीकडे काही कंपन्या सेंडर-रिसीव्हर म्हणू लागल्या आहेत.) डोळा संथ उजेडाकडे दुर्लक्ष करतो, फक्त अचानक उसळी मारणारा उजेड त्याला कळतो. म्हणून ट्यूबलाइटखाली तो गप्प बसतो. भर उन्हात मात्र उसळी जाणवतच नाही, आणि कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही. पण बंद कार्यालयात छतावरून, भिंतींवरून उजेड आपटत जातोच. अंतरपाटाआडचा माझा स्लेव्ह तालमीत एकदाही चुकला नव्हता.

तालीम पण केली होती मंडळी! डिजिटल कॅमेरे खऱ्या फ्लॅशच्या आधी अंदाज घ्यायला एक बारीकसा फ्लॅश मारतात आणि स्लेव्ह त्यालाच फसतो, हे मला माहीत होतं. मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर, अगदी मंद ठेवला होता. म्हणजे समोरून उजेड नाहीसाच, नुसता पलीकडच्याला इशारा. हे सगळं तालमीत, रिकाम्या कार्यालयात.

मुहूर्ताला कार्यालय रिकामं नव्हतं. २००५ म्हणजे घराघरात छोटे डिजिटल कॅमेरे आलेले, जुने रोलचेही अजून जिवंत. 'शुभमंगल' सुरू झालं आणि चहूबाजूंनी लखलखाट. माझा स्लेव्ह इमानी, जो पेटेल त्याला साथ देत सुटला. काकांचा कॅमेरा, वहिनींचा कॅमेरा, मुलाकडच्यांचे कॅमेरे. नंतर लग्नाची व्हिडिओ बघताना मी मोजलं. मंगलाष्टकांच्या पाच मिनिटांत तो ४१ वेळा पेटला. प्रत्येक वेळी कपॅसिटर भरायला पाच-सहा सेकंद, आणि भरला रे भरला की पुढचा कुणीतरी त्याला पेटवणार. मी बटण दाबलं त्या सातही वेळा तो धापा टाकत होता. डिजिटलवाल्यांनाही त्याचा उपयोग झाला नाही, कारण त्यांच्या आधीच्या बारक्या फ्लॅशलाच तो खर्ची पडत होता.

तार, हरीण, वाघ, गाय.

यावर उपाय तेव्हा अस्तित्वात होता, हे कबूल करतो. १९९१ सालीच मिनोल्टाने ७एक्सआय कॅमेऱ्यात फ्लॅशला सांकेतिक भाषा दिली होती. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ठरावीक तालात लुकलुकतो, दूरचा फ्लॅश तो ताल ओळखतो आणि आपल्याच कॅमेऱ्याचं ऐकतो. कॅननने १९९८ मध्ये आणि निकॉनने २००३ मध्ये आपापल्या तऱ्हेने हेच आणलं. पण त्याला त्याच कंपनीचा नवा फ्लॅश लागायचा, आणि माझा होता सेकंडहँड. (मिनोल्टाने मात्र लग्नानंतर महिन्याभरात, जानेवारी २००६ मध्ये, कॅमेऱ्यांचा धंदाच सोडल्याचं जाहीर केलं. याच्याशी माझा संबंध नाही.)

दुसरा उपाय रेडिओचा, बोसबाबूंचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बनणारे पॉकेटविझार्ड बड्या फोटोग्राफरांकडे तेव्हा होते. चॅनल ठरवा, एक तुकडा कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशला. भिंत आडवी येवो की ऊन असो, फरक नाही, आणि शेजाऱ्याने कितीही फ्लॅश मारले तरी तुमचा हलत नाही. थोडक्यात, लिंकची वायर, फक्त न दिसणारी. पण दोन नगांची किंमत माझ्या कॅमेऱ्याच्या हप्त्यांकडे बघता बोलायलाच नको. लग्नानंतर तीनच महिन्यांनी, मार्च २००६ मध्ये, बाल्टिमोर सन या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर डेव्हिड हॉबी याने 'स्ट्रोबिस्ट' हा ब्लॉग सुरू केला. लहान फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा, दूर ठेवा आणि पेटवा, एवढाच त्याचा मंत्र. २०२१ मध्ये त्याने लिहिणं थांबवलं, तोवर माझ्यासारख्या हजारो हौशी लोकांची त्याने शिकवणी घेतली होती. त्या लाटेवर हाँगकाँगहून स्वस्त रेडिओ ट्रिगर येऊ लागले, मग चिनी कंपन्यांचे २.४ गिगाहर्ट्झवरचे. भारतात हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्याविना खुला झाला तो जानेवारी २००५ मध्ये, ताईच्या लग्नाआधी अकरा महिने. कायदा तयार होता, खिसा तयार नव्हता. २०१२ मध्ये कॅननने फ्लॅशच्या पोटातच रेडिओ बसवला आणि हा विषय मिटल्यात जमा झाला.

आता मामाचा फोटो.

आमच्याकडे मुलीच्या मागे मामा उभा राहतो. तसा आमचा मामा ताईच्या मागे उभा होता, आणि एका हाताने त्याच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने ताईच्या खांद्यावरून फोटो काढत होता. रोलचा कॅमेरा, म्हणजे आधीचा बारका फ्लॅश वगैरे भानगड नाही. त्याने बटण दाबलं तेव्हा माझा स्लेव्ह नेमका भरलेला होता. शिवाय मामाचं बोट त्याच्या फ्लॅशवर अर्धं आलेलं, त्यामुळे समोरचा उजेड मंदच पडला. महिन्याभराने रोल धुऊन आला. त्यात उजळलेला अंतरपाट, त्यावर नवरदेवाची सावली, आणि अलीकडे ताईच्या मुंडावळ्यांची एकेक लड. मी कागदावर काढलेलं चित्र जसंच्या तसं. कोपऱ्यात मामाच्या बोटाची तांबूस सावली तेवढी जास्तीची.

तो फोटो ताईच्या दिवाणखान्यात मोठा करून लावलाय. खाली मामाचं नाव आहे. तो उजेड माझा आहे, असं मी एक-दोनदा सांगून बघितलं. "असेल रे," असं म्हणून ताईने चहा पुढे केला.

परवा चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. ठरवलेल्या फोटोग्राफरांनी चार फ्लॅश लावले होते, चारही रेडिओवर. मामा आता काठी घेऊन चालतो, पण मंगलाष्टकांना खुर्ची पुढे ओढून मोबाइल उगारून बसला होता. दोन-तीन फोटो काढले, स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, तुझा तो मागचा दिवा आज लागला नाही."